स्वतःच्याच आवाजाला लावलेलं दार

को थ्येनतिंगच्या घरावरून दिवसातून अकरा वेळा को थ्येनतिंगच ओरडत जायचा. तो स्वतः त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर पाय पसरून चहा पीत असायचा, पण त्याचा आवाज मात्र गल्लीबोळांत फिरून पोटापाण्याला लागलेला असायचा.

गावात ज्या गाडीवर भोंगा होता, त्या प्रत्येक भोंग्यात थ्येनतिंग होता. सकाळी सहाला बांबूच्या पानात बांधलेले गरम भातपुडे विकणारी स्कूटर यायची. आठला टोफूवाला, दहाला जाळीची दारं नि फुटक्या काचा बदलून देणारा टेम्पो, दुपारी भंगारवाला आणि चारला भाजलेली रताळी. गाडीवाले निरनिराळे, पण बोलणारा एकच. तीस वर्षांपूर्वी तो मासळी बाजारात लिलाव पुकारायचा. एका भातपुडेवाल्याचा घसा बसला म्हणून त्याने दयेपोटी त्याला टेपवर चार ओळी भरून दिल्या. महिन्याभरात त्याचा माल दुप्पट खपायला लागला, आणि मग बाकीचे गाडीवाले थ्येनतिंगच्या दारात रांग लावून उभे राहिले. शेवटचं अक्षर तो असं काही लांबवायचा की पोट तुडुंब भरलेला माणूससुद्धा खिडकीतून डोकावून बघायचा.

डोकावत नव्हती ती फक्त त्याची बायको. चिनफंग तळमजल्यावर शिलाई मशीन घेऊन बसायची, गावभरच्या विजारी आखूड-लांब करून द्यायची. बत्तीस वर्षं घरात नवरा म्हणून आणि तीस वर्षं रस्त्यावर रताळी म्हणून तोच आवाज ऐकल्यावर तिच्या कानांनी स्वतःची सोय करून घेतली होती. तो आवाज आला की ते बंद व्हायचे. एकदा थ्येनतिंगला सडकून ताप भरला होता. जिन्यात उभं राहून त्याने तिला तसं सांगितलं. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "आज नकोत, कालचेच उरलेत."

तेव्हापासून त्याच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली होती. गावातल्या सगळ्यांना त्याचा आवाज पाठ होता, पण ऐकत कोणीच नव्हतं. लोक त्याच्या आवाजावर रताळी घ्यायचे आणि पुढे जायचे. म्हणून दक्षिण किनारा बस कंपनीने जाहिरात दिली, तेव्हा त्याचं काळीज हललं. म्हाताऱ्या लोकांना सरकारी भाषेतल्या सूचना कळत नाहीत, ते बिचारे भलत्याच थांब्यावर उतरतात, तेव्हा सगळ्या थांब्यांची नावं घरच्या ताइवानी बोलीत सांगणारा आवाज हवा आहे, असं तीत लिहिलं होतं. बसमधला आवाज म्हणजे काय चीज असते, हे थ्येनतिंगला ठाऊक होतं. पेंगणारे, मोबाइलमध्ये तोंड घातलेले, भांडणारे, सगळे त्या आवाजाला मान वर करतात. शिवाय चिनफंग दर सोमवारी दोरे नि बटणं आणायला बसने साखर कारखान्यापर्यंत जायची. तिथे तिला नवऱ्याचं ऐकावंच लागलं असतं, नाहीतर ती थेट समुद्रावर पोचली असती.

त्याने उत्साहाने दहा थांबे बोलून नमुना पाठवला. चार दिवसांनी कंपनीच्या हुंग मॅडमचा फोन आला. बाई सभ्य होत्या. त्यांनी आधी आवाजाची तारीफ केली आणि मग म्हणाल्या, "को साहेब, तुमच्या मागे कोणी एक माणूस भंगार मागतोय. जुन्या रुग्णालयाच्या थांब्यावर तर तो भातपुडे विकतोय. त्याला जरा गप्प करता येईल का?"

तो माणूस मीच आहे, हे सांगायची थ्येनतिंगला लाज वाटली. बघतो, म्हणाला. हुंग मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, की तुमचं बोलणं ऐकून थांब्यावर उतरायचं की थांबा विकत घ्यायचा हेच कळत नाही, थोडं साधं बोला. हे वाक्य त्याने ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात तो भंगार मागणारा शिरला होता. महिनाअखेरच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत नवा नमुना द्यायचा होता, म्हणजे हाताशी तीन आठवडे होते.

आधी त्याने सरळ मार्ग धरला. सगळ्या गाडीवाल्यांना निरोप दिला की दुपारी दोन ते चार आमच्या गल्लीत भोंगा लावू नका. गाडीवाले त्याला गुरुस्थानी मानायचे. थ्येनतिंग दादांनी असं का सांगितलं, तब्येत बरी नाही की काय, या काळजीने ते दुसऱ्याच दिवशी बरोबर दोन वाजता एकेक करून चौकशीला आले. भोंगा बंद करायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. खाली पाच गाड्या उभ्या, पाचांतून थ्येनतिंग ओरडतोय आणि वर खरा थ्येनतिंग हातात माइक घेऊन कपाळ बडवतोय, असा तो देखावा होता.

मग कोणीतरी त्याला अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायला सांगितलं. जगात प्रत्येक माणसाला हा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच, आणि तो स्वतः कधीही ट्रे चिकटवत नाही. चिनफंगच्या भावाचा बदकांचा धंदा होता. त्याने चारशे ट्रे टेम्पोत घालून पाठवले. ते धुतलेले नव्हते. थ्येनतिंगने तीन दिवस डिंकाने हात बरबटून चारी भिंती आणि छत ट्रेंनी मढवलं. खोलीतला घुमणारा आवाज त्यामुळे थोडा मेला, हे खरं. बाहेरचा आवाज मात्र पहिल्यासारखाच बिनदिक्कत आत येत राहिला, आणि त्याच्या जोडीला आता बदकांचा वास आला. चौथ्या दिवशी मुंग्यांची रांग जिन्यातून वर जाताना दिसली, तेव्हा चिनफंगने फक्त एवढंच विचारलं, की हे तू मला आधी का नाही सांगितलंस. त्याने तीनदा सांगितलं होतं.

शेवटी तो तुंग मिस्त्रीकडे गेला. तुंग मिस्त्रीने पंचवीस वर्षं कराओकेच्या खोल्या बांधल्या होत्या. शेजारच्या खोलीत कंपनीचा मालक बेसूर रडतोय आणि इकडे कुटुंब आजीचा वाढदिवस साजरा करतंय, पण दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, अशा खोल्या. माणूस बुटका, तोंडात सुपारी, आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल त्याच्या मनात कमालीचा तुच्छभाव. त्याने ट्रेवर एक टिचकी मारली.

"शेठ, हे खुराडं छान झालंय," तो म्हणाला. "आता आवाज अडवायचा असेल तर बोलू."

आवाज मऊपणाला भीत नाही, वजनाला भितो, असं त्याचं म्हणणं होतं. भिंत जड हवी. ती जुन्या भिंतीपासून सुटी हवी, मध्ये पोकळी हवी, पोकळीत दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा कापूस, ठासलेली हवी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे फट नको. जिथून हवा शिरते तिथून आवाज शिरतो, हे वाक्य त्याने त्या दिवशी नऊ वेळा उच्चारलं. थ्येनतिंगने मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या आत दुसरी खोली उभी राहू लागली. रबराच्या पट्ट्यांवर नवी जमीन, दुहेरी पत्रे घातलेल्या भिंती, लोंबतं छत, बुजवलेली खिडकी. हवेसाठी मिस्त्रीने एक नळी ठेवली, पण तिला इतकी वळणं दिली की आवाज वाटेतच थकून बसावा. सहा बाय आठची खोली बघता बघता चार बाय सहाची झाली.

दाराचा प्रश्न उरला. चांगलं दार विकत घ्यायचं तर थ्येनतिंगला आपला आवाज जन्मभरासाठी गहाण टाकावा लागला असता. तुंग मिस्त्रीनेच तोड काढली. मासळी बाजारातलं एक बर्फघर बंद पडलं होतं, त्याचं दार पडून होतं. वीतभर जाड, लोखंडी पत्र्याचं, कडेला रबर, आणि बाहेरून खटका दाबला की असं बसायचं की आतल्या मासळीने जगाशी संबंध तोडावा. ते जिन्यातून वर जाईना, म्हणून कप्पी लावून बाहेरून सज्ज्यात चढवलं. अर्धं गाव बघायला जमलं. टोफूवाल्याने गर्दी बघून गाडी तिथेच लावली, आणि दार वर जात असताना खालून थ्येनतिंगचा आवाज लोकांना गरमागरम टोफूचा आग्रह करत राहिला.

दाराच्या आतल्या बाजूला एक मूठ होती. बर्फघरात कोणी अडकला तर ती फिरवून बाहेर यावं म्हणून. तुंग मिस्त्रीने तिच्या भोकाला डोळा लावला आणि त्याचा चेहरा उतरला. भोक म्हणजे फट. त्याने मूठ उपटून काढली, भोकात लोकर नि डांबर कोंबलं आणि वर पत्रा मारला.

"आतून उघडणार कसं?" थ्येनतिंगने विचारलं.

"आतून कशाला उघडायचं?" मिस्त्री खरोखरच बुचकळ्यात पडला. "दहा मिनिटांनी वाढपी येतोच की."

पंचवीस वर्षं त्याने ज्या खोल्या बांधल्या त्यांत दर दहा मिनिटांनी कोणीतरी बिअर नाहीतर कापलेली फळं घेऊन येत असे. जिथे वाढपी येत नाही अशी खोली त्याच्या कल्पनेतच बसत नव्हती. थ्येनतिंगने समजावल्यावर त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, मग आत जाताना वहिनींना सांगून जात जा. सवयीने त्याने भिंतीत वाढप्याला बोलवायचं बटण बसवलं होतं. त्याची तार कुठेही जात नव्हती. छताला रंगीत फिरता दिवाही लावला होता, कारण त्याशिवाय खोली पुरी झाल्यासारखी त्याला वाटत नव्हती. दोन्हींचे पैसे त्याने घेतले नाहीत, ही त्याची माणुसकी.

चाचणीच्या दिवशी थ्येनतिंग आत उभा राहिला, मिस्त्रीने दार लावलं, आणि जग गेलं. स्कूटर नाही, कुत्री नाहीत, शिलाई मशीन नाही. साठ वर्षांत त्याने असलं काही ऐकलं नव्हतं. दुपारी खाल्लेली मासळीची पेज पोटात कुठवर पोचली हेसुद्धा त्याला ऐकू येत होतं. मिस्त्रीने दार उघडून सांगितलं की बाहेरून आत्ता भंगारवाला गेला. थ्येनतिंगने त्याचे हात धरले. डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःला गप्प केलं होतं.

महिनाअखेरचा बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बारापर्यंत नमुना द्यायचा होता. जेवण झाल्यावर थ्येनतिंग तळमजल्यावर गेला आणि चिनफंगला म्हणाला, "मी दोनला आत जातोय. तू वर येऊन दार लाव आणि साडेतीनला उघड."

"हं," चिनफंग म्हणाली. वर आली, खटका दाबला, खाली गेली. दार लावायच्या आधी त्याने पुन्हा एकदा सांगितलं. ती हं म्हणाली. दार लागता लागता तिसऱ्यांदा सांगितलं. फटीतून हं आलं. मोबाइल त्याने मुद्दाम बाहेर ठेवला होता, मध्येच वाजू नये म्हणून.

पहिलाच थांबा त्याने ध्वनिमुद्रित केला आणि ऐकला. मागे कोणीही नव्हतं. भंगार नाही, रताळी नाहीत. पुढे मात्र एक माणूस होता, आणि तो जुनं रुग्णालय विकत होता. 'रुग्णालय' हा शब्द त्याने असा खमंग लांबवला होता की कोणालाही वाटावं, दोन द्या, एक घरी न्यायला. रस्त्याच्या गोंगाटात जे कानाला गोड लागायचं, ते या निःशब्द खोलीत उघडंनागडं पडलं होतं. तेव्हा कुठे त्याला हुंग मॅडमची दुसरी सूचना आठवली. त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी रुग्णालय अर्ध्या किमतीत होतं. मात्सू देवीचं देऊळ त्याने चाळीस वेळा म्हटलं, आणि चाळीसही वेळा देवी ताजी, गरम आणि आजच्यापुरतीच होती. तीस वर्षांची सवय घशात मुरली होती. साधं बोलायचं म्हणजे काय, हेच तो विसरला होता. थ्येनतिंगला घाम फुटला, आणि तो फक्त उकाड्याचा नव्हता.

साडेतीन वाजले. दार उघडलं नाही. पावणेचार झाले, चार झाले. तो हाका मारायला लागला. आधी बेताने, मग पोटातून. तुंग मिस्त्रीची खोली त्या हाका मुकाट गिळत होती. त्याने वाढप्याचं बटण दाबलं, एकदा नव्हे, पन्नासदा. दारावर लाथा मारल्या, तर फक्त त्याचा अंगठा दुखला. वळणाच्या नळीला तोंड लावून ओरडला, आणि मिस्त्रीने किती चोख काम केलंय हे त्याला कळून चुकलं. उकाडा इतका वाढला की सदरा गेला, मग बनियन, मग विजार. शेवटचा उपाय म्हणून त्याने भातपुड्यांची आरोळी ठोकली. निदान त्यावर तरी चिनफंग आज नकोत म्हणेल, अशी आशा होती. रताळी झाली, टोफू झाला, काचा झाल्या. तीस वर्षांची सगळी जमा त्याने त्या चार भिंतींना ऐकवली. पाच वाजेपर्यंत त्याच्या घशातून नुसती हवा येऊ लागली. रंगीत दिवा आपला फिरतच होता, कारण त्याचं बटण मिस्त्रीने बाहेर ठेवलं होतं.

बाहेर काय चाललं होतं ते त्याला नंतर कळलं. चारच्या सुमाराला चिनफंगला एकदा वाटलं होतं, हा गेला कुठे. तेवढ्यात रस्त्यावरून रताळी विकत तो गेला. आहे इथेच, असं समाधान करून घेऊन तिने पुढची विजार घेतली.

सव्वापाचला कचऱ्याच्या गाडीची धून ऐकू आली. त्या धुनेवर गल्लीतल्या घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडतात, कारण ही गाडी कोणासाठी थांबत नाही. चिनफंगच्या घरी हे काम थ्येनतिंगचं होतं. धून आली की जिन्यात त्याच्या सपाता फटफटायच्या. बत्तीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता, तापातसुद्धा नाही. त्या दिवशी सपाता वाजल्या नाहीत. तिने मशीन थांबवलं. धून जवळ आली, तरी सपाता नाहीत. शेवटी तीच दोन पिशव्या आणि खरकट्याची बादली उचलून धावली. गाडीपाशी शेजारची मेइयुन मावशी भेटली. तिने विचारलं, आज तुमचे हे कुठे?

"इथंच आहेत," चिनफंग म्हणाली. "मघाशी तर ओरडत गेले."

"ती रताळी होती गं," मेइयुन मावशी म्हणाली.

चिनफंग बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली. कचरेवाला ती मागत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. मग ती भरल्या बादलीसकट घराकडे पळत सुटली आणि तिन्ही जिने एका दमात चढली.

दार उघडलं तेव्हा थ्येनतिंग अर्ध्या चड्डीवर, घामाने निथळत, लाल-हिरव्या उजेडात भिंतीला टेकून बसला होता. तो काहीतरी बोलला. चिनफंगने दचकून मागे वळून पाहिलं.

"कोण बोललं?"

"मी." आवाज बारीक होता, खरखरीत, हळू.

"परत बोल."

"मी तुला तीनदा सांगितलं होतं," तो म्हणाला. "साडेतीनला दार उघड म्हणून. मला वाटलं, मी मरतो इथे."

तिने ते वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. थ्येनतिंगला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि असा चेहरा त्याने लग्नाच्या आधी कधीतरी पाहिला होता. चिनफंग बादली खाली ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"तू सांगत नव्हतास," ती म्हणाली. "तू सांगतोस तेव्हा मला सारखं वाटतं, काहीतरी माझ्या गळ्यात मारायला आलायस. मग मी आपली हं म्हणते, म्हणजे गाडी पुढे जाते."

थ्येनतिंगला यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण घसा नव्हता. जे तोंडातून निघालं ते इतकंच होतं की बत्तीस वर्षांत मी तुला काही विकलेलं नाही. तेही तिने ऐकलं. तिला रडू आलं आणि हसूही आलं, कारण रंगीत दिवा त्याच्या पोटावर फिरत होता.

नाक पुसून झाल्यावर तिने विचारलं, ते बसचं काय झालं. त्याने मान हलवली. मग काहीतरी करायचं म्हणून तिच्याकडे बघत, त्या उरल्यासुरल्या आवाजात तो म्हणाला, "पुढचा थांबा, मात्सू देवीचं देऊळ. सावकाश उतरा."

चिनफंगने नकळत बादली जवळ ओढली आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला. ती खरंच उतरायला निघाली होती, हे दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. मग ती उठली, पण उतरायला नाही. तिने त्याच्या हातात माइक दिला, दाराच्या फटीत खरकट्याची बादली अडकवून ठेवली आणि बाहेरचा रस्ता शांत असेल तेवढ्या वेळात एकेक थांबा त्याच्याकडून वदवून घेतला. तो माइकशी बोललाच नाही. दहाही थांबे त्याने तिला सांगितले, जणू ती या गावात नवी आहे आणि तिला कुठे उतरायचं ते ठाऊक नाही. गुरुवारी अकरा वाजता नमुना कंपनीत पोचला.

सोमवारी हुंग मॅडमचा फोन आला. हाच आवाज, त्या म्हणाल्या, हे ऐकून माझी आई रेडिओशी बोलल्यासारखी हो हो म्हणायला लागली. बसच्या बाकीच्या एकशे अठ्ठ्याऐंशी थांब्यांचं काम तुमचं, फक्त सगळं याच आवाजात हवं. थ्येनतिंगने आनंदाने फोन ठेवला आणि चिनफंगला मोठ्याने बातमी सांगितली.

"आज नकोत," चिनफंग म्हणाली.

आलं घातलेल्या कोंबडीच्या रस्स्याने चार दिवसांत त्याचा घसा ठणठणीत झाला होता. त्याने हलकं बोलून पाहिलं, तर चोरून विकल्यासारखं वाटायला लागलं. कुजबुजून पाहिलं, तर देवळाची भीती वाटायला लागली. बर्फ खाल्ला, तर नुसती सर्दी झाली. नवे पाच थांबे पाठवले, तेव्हा हुंग मॅडमनी काळजीने विचारलं की हा दुसरा माणूस कोण आहे आणि पहिल्याला काही झालं का. उपाय एकच होता, आणि तो दोघांनाही माहीत होता. बोलून कोणी दाखवत नव्हतं. अखेर एका मंगळवारी जेवणानंतर चिनफंगने स्वतःहून सुई ठेवली आणि म्हणाली, "चल, वर हो."

तेव्हापासून दर मंगळवारी नि शुक्रवारी दुपारी चिनफंग नवऱ्याला बर्फघराच्या दारामागे कोंडते. तो आत उभा राहून जीव तोडून रताळी, टोफू, भंगार आणि काचा विकतो. गल्लीत कोणाला चकार शब्द ऐकू जात नाही. तुंग मिस्त्री एकदा मुद्दाम खात्री करायला आला, दाराला कान लावून उभा राहिला आणि समाधानाने सुपारी बदलून गेला. मूठ परत बसवू का, असं त्याने विचारलं, तेव्हा दोघंही एकदम नको म्हणाली. बटणाची तार मात्र आता खाली शिलाई मशीनपर्यंत आणली आहे.

ठरल्या वेळी चिनफंग वर येते, दार उघडते, स्टुलावर बसते आणि म्हणते, "बोल."

तो एक थांबा बोलतो. ती डोळे मिटून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकते. बहुतेक वेळा ती मान हलवते, "अजून विकतोयस," असं म्हणून उठते आणि दार लावून जाते. अर्ध्या तासाने परत येते, परत बसते.

खरं सांगायचं तर सरावाने थ्येनतिंगचा घसा आता तासाभरातच बसतो. पहिल्यांदा दार उघडतं तेव्हाच आवाज हवा तसा झालेला असतो. पण तेव्हा तो शेवटचं अक्षर हळूच, अगदी थोडंसं, लांबवून टाकतो. चिनफंग मान हलवते आणि दार लावून घेते. मग तो अंधारात रंगीत दिव्याखाली बसून तिची वाट बघतो, कारण अर्ध्या तासाने ती पुन्हा येणार असते आणि त्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकणार असते.